पोर्ट फॉरवर्डिंग टिकवताना आलेला वैताग

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा रूल, म्हणजे बाहेरून अमुक पोर्टवर आलेलं डेटाचं पाकीट घरातल्या कुठल्या मशीनकडे पाठवायचं ती सूचना, टाकायला काहीच लागत नाही हो, खरा वैताग तो टिकवण्यात आहे. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून फायलींचा सर्व्हर केला, बाहेरून वायरगार्डने (हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा किंवा टनेल) आत शिरायचं म्हणून त्याचा यूडीपी ५१८२० हा पोर्ट उघडला, मस्त चाललं, आणि लाइट जाऊन आली की ठप्प.

झालं काय तर लॅपटॉपला आधी १९२.१६८.१.२३ हा आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा पत्ता, मिळाला होता, राउटर रिस्टार्ट झाल्यावर तोच नंबर टीव्हीने पटकावला, आणि रूल बिचारा अजून २३ कडेच पाकिटं पाठवतोय. मग राउटरच्या डीएचसीपीमध्ये (आयपी वाटणारा भाग) लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख नंबर, टाकून आयपी राखून ठेवला. यात एक मेख आहे, वायफायचा मॅक वेगळा आणि केबलच्या लॅन कार्डाचा वेगळा, त्यामुळे जे कायम वापरणार त्याचाच टाकायचा. मी केबलच लावली, सर्व्हरला वायफाय मला पटतच नाही.

नंतर कनेक्शनचा प्लॅन बदलला आणि परत बंद! आतलं सगळं जागच्या जागी. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला) बघितला तर १००.७२ ने सुरू होणारा, आणि ब्राउजरमध्ये माझा आयपी शोधला तर भलताच. १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला की समजायचं सीजीनॅट आहे, म्हणजे एकच पब्लिक आयपी कितीतरी गिऱ्हाइकांत वाटलेला, तिथे आपल्या राउटरवर कितीही रूल टाका, बाहेरचं पाकीट आपल्यापर्यंत येतच नाही. कस्टमर केअरवाले राउटर बंद करून चालू करा एवढंच सांगत होते, शेवटी सरळ 'पब्लिक आयपी द्या' म्हटल्यावर काम झालं. तो बदलता आहे, म्हणून डायनॅमिक डीएनएस लावलं, म्हणजे आयपी बदलला तरी एकच नाव त्या नव्या आयपीकडे नेतं. पण वायरगार्ड ते नाव टनेल चालू करतानाच शोधतं, मध्येच आयपी बदलला तर फोनवर टनेल एकदा बंद-चालू करावाच लागतो.

टेस्टिंगचं पण ऐका. पोर्ट उघडा आहे का सांगणाऱ्या साइट्स बहुतेक टीसीपी पोर्टच बघतात, आपला तर यूडीपी, आणि वायरगार्ड तर ओळख पटल्याशिवाय उत्तरच देत नाही, म्हणजे सगळं नीट असूनही तिथे 'बंद' दिसणार. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून जोडायचं आणि सर्व्हरवर वायरगार्डच्या लेटेस्ट हँडशेकची (दोन्ही बाजूंची ओळख पटल्याची) वेळ दिसते का बघायचं, बास. घरच्याच वायफायवरून पब्लिक आयपीला जोडून बघू नका, बऱ्याच राउटरना ते जमत नाही आणि आपण उगाच रूल खोडत बसतो.

कोणीतरी हमखास सांगतं की राउटरमधलं डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं एकाच मशीनकडे पाठवणारी सोय) चालू कर, कटकटच नको. अजिबात करू नका, त्याने त्या मशीनचे सगळेच पोर्ट बाहेर उघडे पडतात. मी तर यूपीएनपी (मशीन किंवा अ‍ॅप आपणहून राउटरवर पोर्ट उघडून घेतात ती सोय) पण बंद ठेवलंय, एक पोर्ट पुरतो.