पॉइंट गेले, गॅप राहिला

रविवार, रात्र

आज जुन्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमधून, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागातून, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क) आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर काढले आणि त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच बसवला. काम तसे किरकोळच आहे. पॉइंटच्या जागी मॉड्यूल स्क्रूने आवळायचे, शाफ्टच्या कॅमवर चुंबकांचे कडे सरकवायचे आणि दोन वायरी कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या वेटोळ्याला, जोडायच्या. चुंबक समोरून गेला की मॉड्यूलमधील हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र टिपणारा) तो ओळखतो, कॉइलचा करंट तुटतो आणि तिच्या दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. चार्ल्स केटरिंगने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बॅटरीवर चालणारी ही पद्धत मोटारीत आणली. तिचे तत्त्व आजही तेच आहे, करंट तोडणारा हात तेवढा बदलला.

पॉइंटांविषयी माझ्या मनात आकस नाही, पण त्यांच्यावर पडणारा भार विलक्षण असतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात आणि मिटतात. कॅमवर घासणारी त्यांची टाच झिजत जाते, तसा त्यांच्यातील गॅप कमी होतो, ते उशिरा उघडू लागतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडते. हे सारे इतक्या सावकाश घडते की चालवणाऱ्याला गाडी मंदावल्याचे जाणवतही नाही. त्यात शाफ्टचा बुश सैल झालेला असेल, तर जेमतेम ०.४ मिमीचा हा गॅप प्रत्येक सिलिंडरला निराळा मिळतो. नव्या संचाचा खरा लाभ इथे आहे. ‘ठिणगी जोरदार होते’ हा विक्रेत्यांचा आवडता दावा. मात्र कॉइल जुनीच ठेवली, तर तिच्यात साठणारी ऊर्जाही जवळपास तेवढीच राहते. मिळतो तो नेमकेपणा, आणि माझ्या दृष्टीने तो पुरेसा आहे.

जोडणीपूर्वी कॉइलचा रोध मोजला. तो ३ ओहम भरला, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ४ अँपिअर करंट, जो या मॉड्यूलला मानवतो. बॅलास्ट रोधकासह (करंटला आवर घालणाऱ्या जादा रोधासह) वापरायची १.५ ओहमची कॉइल थेट बॅटरीवर जोडली, तर करंट दुप्पट होऊन मॉड्यूल जळू शकते. तांब्याच्या गाभ्याच्या प्लग वायरी काढून रोधक वायरी घातल्या, कारण तांब्याच्या वायरींतून निघणारा विद्युत गोंगाट सेन्सरला चकवू शकतो.

खरा विचार करावा लागला तो प्लगच्या गॅपचा, म्हणजे ठिणगी जिथे उडते त्या दोन इलेक्ट्रोडांमधील अंतराचा. गाडीच्या पुस्तिकेत ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६४ मिमी, दिला आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर लोक तो ०.०३५ इंचापर्यंत, जवळपास ०.९ मिमी, वाढवतात. रुंद गॅपमधील लांब ठिणगी पातळ (कमी पेट्रोलचे) मिश्रणही सहज पेटवते आणि इंजिन मंद गतीवर अधिक शांत चालते, हे खरे. परंतु गॅप वाढला की ठिणगी उडण्यासाठी लागणारा विद्युत दाबही वाढतो, आणि तो पुरा पडला नाही तर वीज दुसरी वाट शोधते: डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधील (झाकणातील) बारीक तडा, आत फिरून वीज वाटणाऱ्या रोटरचे जुने बेकलाइट किंवा वायरीचे सैल टोक. प्लग बाहेर काढून उघड्यावर ठिणगी पाहणे म्हणूनच फसवे ठरते. सिलिंडरमध्ये हवा कित्येक पट दाबलेली असते आणि तिथे तीच ठिणगी हरू शकते. कॅप आणि रोटर अजून मूळचेच असल्यामुळे मी ०.०३० इंचावर, म्हणजे ०.७६ मिमीवर थांबलो.

प्लग वापरलेले होते, म्हणून चपट्या पातीऐवजी गोल तारेचे गेज घेतले. झिजलेल्या इलेक्ट्रोडवर खळगा पडलेला असतो. चपटी पाती त्यावरून आडवी जाते आणि गॅप प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवते. वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. मधल्यावर टेकू देऊन जोर लावला, तर चिनी मातीच्या टोकाला तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसेलच असे नाही.

शेवटी डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी (जी टायमिंग आपोआप पुढे-मागे करते) काढून तिचे तोंड बंद केले आणि स्ट्रोब दिवा लावून टायमिंग पाहिले. मॉड्यूलची जागा पॉइंटांच्या जागेशी तंतोतंत जुळत नसल्यामुळे ते सरकलेच होते. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून जुळवले. पुलीवरची खूण पूर्वी दिव्याखाली थरथरत असे, आज ती जागची हलली नाही.

आता चढावरची परीक्षा राहिली आहे. प्लगला सर्वाधिक विद्युत दाब लागतो तो टॉप गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना. तिथे गाडी अडखळली, तर आधी कॅप आणि रोटर तपासीन, मग गॅप ०.६४ वर आणून पाहीन, आणि त्यानंतरच कार्बोरेटरला हात लावीन.