आईला घेऊन हाँगकाँगच्या मोठ्या बुद्धापाशी, २६८ पायऱ्या

आईचं वय ६७, दोन्ही गुडघे दुखतात, आणि हाँगकाँगला तिला फक्त एकच गोष्ट बघायची होती, लान्ताऊ बेटावरच्या डोंगरातला मोठा बुद्ध. आमच्या विहारात एका जुन्या कॅलेंडरवर त्याचा फोटो होता. तिकिटं काढल्यापासून तिचं एकच, "बाकी तुमचं तुम्ही फिरा, मला तेवढं दाखवा."

आधी कागदपत्रांचं सांगते. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघायच्या आधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावं लागतं, त्याला फी नाही. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा आणि स्लिप प्रिंट करून सोबत ठेवा.

मेट्रोने तुंग चुंगला उतरायचं आणि तिथून केबल कार, ५.७ किलोमीटर, साधारण २५ मिनिटं. आम्ही पोचलो तर जोराच्या वाऱ्यामुळे ती बंद! आईचा चेहरा एवढासा झाला. मग कळलं की शेजारच्या बसस्टँडवरून २३ नंबरची बस थेट वर न्गाँग पिंगला, म्हणजे बुद्ध आहे त्या पठारावर जाते, ऑक्टोपस कार्ड (तिथलं प्रवासाचं प्रीपेड कार्ड) चालतं, आणि खरं सांगू का, आता कोणी विचारलं तर म्हातारी माणसं सोबत असताना मी बसच सांगेन, कारण तो रस्ता समुद्राच्या कडेने जातो, मग शेक पिकच्या धरणाच्या भिंतीवरून, आणि तिथे डोंगराच्या माथ्यावर अचानक बुद्ध दिसतो, पाठमोरा! मूर्तीचं तोंड उत्तरेला आहे ना, आणि आपण दक्षिणेकडून येतो. आईने बसमध्येच हात जोडले.

पायऱ्या २६८. चढायला तिकीट नाही. मी आईला आधीच सांगितलं होतं की वर बघायचंच नाही, फक्त पुढच्या टप्प्यापर्यंत जायचं आणि थांबायचं. एका हाताने कठडा, एका हाताने माझं मनगट. प्रत्येक टप्प्यावर दोन घोट पाणी. आमच्यासारखीच थांबत थांबत चढणारी एक चिनी आजी होती, भाषा शून्य, पण तिसऱ्या टप्प्यावर तिने आईकडे बघून स्वतःचा गुडघा थोपटला आणि दोघी हसल्या. तिथून त्या बरोबरच वर गेल्या. पाऊण तास लागला, लागू दे की. ज्यांना चढणं शक्यच नाही त्यांच्यासाठी गाडी जाईल असा छोटा वळणाचा रस्ता आहे, खाली चौकशी करा.

वर गेल्यावर मूर्ती एवढी मोठी की मान मागे टाकावी लागते. बसलेला बुद्ध, ३४ मीटर, ब्राँझचे २०२ भाग जोडून केलेला, १९९३ साली पूर्ण झाला. आईला आकड्यांशी काही घेणं नव्हतं, तिने आधी उजवा हात बघितला. "अभय मुद्रा," म्हणाली, "आपल्या विहारातल्यासारखीच." भोवती फुलं, धूप, दिवा असं काय काय अर्पण करणाऱ्या सहा देवतांच्या मूर्ती आहेत, त्यांच्याजवळ एका कडेला उभी राहून तिने हळू आवाजात त्रिशरण पंचशील म्हटलं, पूर्ण, पालीतून. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षेला होते, त्यांनीच तिला हे शिकवलेलं. 'पाणातिपाता वेरमणी'ला तिचा आवाज भरून आला आणि मला पुढचं म्हणायला लागलं.

खाली पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं, पण आईला आवडलं ते बाहेरचं गरम गोड टोफू, अगदी खरवसासारखं लागतं.

जवळच विस्डम पाथ आहे, ३८ उंच लाकडी खांबांवर चिनी लिपीत हृदयसूत्र हे महायान बौद्ध सूत्र कोरलंय, आणि खांब आठच्या आकड्यासारखे उभे केलेत. आईचे पाय संपले होते म्हणून तिला बाकावर बसवून मी एकटीच पटकन जाऊन आले. सगळ्यात उंचावरचा खांब कोरा आहे, मुद्दाम, शून्यतेसाठी, म्हणजे कशालाच स्वतःचं कायमचं अस्तित्व नसतं या सूत्रातल्या विचारासाठी. परत येऊन फोटो दाखवला तर म्हणाली, "यावर का नाही लिहिलं गं?" मी सांगितलं. बसमध्ये खिडकीची जागा मिळूनही ती बराच वेळ तोच फोटो मोठा करून बघत बसली होती.