शॉक देण्याआधी रक्त तपासून कळेल का?

सत्तरी ओलांडलेल्या आईला किंवा वडिलांना ईसीटी, म्हणजे ज्याला सगळे शॉक म्हणतात तो उपचार, द्यावा असे मी सुचवते, तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न वयाचा असतो आणि दुसरा स्मरणशक्तीचा. अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. मुलगा किंवा सून रक्ताचा अहवाल टेबलावर ठेवते, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या तपासणीच्या आकड्याखाली पेनाने ओढलेली रेघ दाखवते आणि विचारते, "डॉक्टर, शरीरातल्या सुजेचा आणि डिप्रेशनचा संबंध असतो असे वाचले. मग हा आकडा पाहून शॉक लागू पडेल की नाही, हे आधीच सांगता येणार नाही का?" वृद्धांच्या मानसोपचारात काम करत असल्यामुळे हे मला वारंवार विचारले जाते, म्हणून उत्तर एकदा नीट लिहीत आहे.

आज तरी तसे सांगता येत नाही, आणि ज्या माणसाचे जगण्यावरचे मन उडाले आहे त्याचा उपचार या आकड्यासाठी अडवून ठेवू नये, हे माझे मत मी सुरुवातीलाच सांगून टाकते. मात्र प्रश्न वरवरचा नाही. त्यामागे गेल्या तीन-चार दशकांचे गंभीर संशोधन आहे आणि ते समजून घेतले तर उत्तर नुसते नकाराचे राहत नाही.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. १९३० मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. शरीरात कुठेही जंतुसंसर्ग किंवा इजा झाली की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा संदेशवाहक रेणू सोडतात, आणि तो यकृताला पोहोचला की सीआरपीचे उत्पादन वाढते. त्याचा अर्धा साठा साधारण १९ तासांत नाहीसा होतो, त्यामुळे कारण मिटले की आकडाही लवकर उतरतो. हृदयविकाराच्या जोखमीसाठी दर लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी पातळी चांगली, ३ च्या वर गेलेली चिंतेची मानतात, आणि १० च्या वर आकडा दिसला की डॉक्टर आधी एखादा ताजा संसर्ग शोधू लागतात. अडचण अशी की वाढत्या वयाबरोबर ही पातळी तशीही थोडी चढती राहते. सांधेदुखी, हिरड्यांचा जुना आजार, लठ्ठपणा, धूम्रपान, लघवीतला संसर्ग यांपैकी काहीही तिला वर नेते, तर कोलेस्टेरॉलसाठी घेतलेली स्टॅटिन गोळी किंवा स्टेरॉइड तिला खाली आणते. अहवालातल्या ६ या आकड्यात नैराश्याचा वाटा किती आणि गुडघ्याचा किती, हे तो आकडा स्वतः सांगत नाही.

तरीही संशोधक या वाटेला लागले त्याला कारण होते. हिपॅटायटिस सीसाठी पूर्वी प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या इंटरफेरॉनची इंजेक्शने देत असत, आणि आधी मनाने ठणठणीत असलेल्या बऱ्याच रुग्णांना उपचाराच्या काही आठवड्यांत खरेखुरे नैराश्य येई. प्रतिकारशक्तीला बाहेरून डिवचले तर मन खचू शकते, याचा तो जवळजवळ प्रत्यक्ष पुरावा होता. त्यामागची एक रासायनिक साखळीही आता बरीच उलगडली आहे. दाह, म्हणजे शरीरातली ही सूज, वाढला की ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा मोठा भाग कायन्युरेनीनच्या मार्गाकडे वळतो, आणि त्या मार्गावर तयार होणारे क्विनोलिनिक आम्ल मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींना, म्हणजे ते टिपणाऱ्या पेशींवरच्या जागांना, उत्तेजित करते. स्वीडनमधल्या लुंड येथील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात इंटरल्यूकिन-६ निरोगी माणसांपेक्षा जास्त होते. मग दाह उतरवणाऱ्या औषधाने नैराश्य उतरेल का? २०१३ मध्ये अमेरिकेत ६० रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब हे दाह उतरवणारे औषध वापरून हे पाहिले गेले. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर औषध आणि खोटे औषध (प्लासिबो) यांत फरक पडला नाही. सीआरपी ५ च्या वर असलेल्यांत औषधाच्या बाजूने कल दिसला, कमी असलेल्यांत मात्र खोटे औषधच बरे ठरले. नैराश्याच्या सगळ्या रुग्णांना एकाच दाव्यात बसवता येत नाही, हे मला त्या अभ्यासातून सर्वांत स्पष्टपणे दिसते.

आता ईसीटी. १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी ती प्रथम दिली, तेव्हा भूल नव्हती, आणि लोकांच्या मनातले चित्र अजून त्याच काळाचे आहे. आज प्रत्यक्षात काय घडते ते मी नातेवाइकांना शब्दशः सांगते. शिरेतून भूल दिली जाते आणि रुग्ण झोपी जातो. मग एका पोटरीवर रक्तदाबाचा पट्टा फुगवून त्या पायाचा रक्तपुरवठा अडवतात, आणि त्यानंतरच स्नायू सैल करणारे औषध देतात. ते औषध पसरताना त्वचेखाली बारीक थरथर चेहऱ्यापासून खाली सरकत जाते आणि सगळे शरीर शांत होते. पट्टा बांधलेले पाऊल तेवढे त्यातून सुटते. दातांमध्ये रबरी आधार ठेवून काही सेकंद वीज दिली की मेंदूत फिट येते, पण बाहेरून दिसते ती त्या एका पावलाची हालचाल, अर्ध्या-पाऊण मिनिटाची. ते पाऊल थांबते, मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राच्या कागदावरची रेष सपाट होते, आणि थोड्या वेळाने आम्ही नाव, जागा आणि वार विचारतो. वार सांगायला बहुधा सर्वांत जास्त वेळ लागतो. एका मोठ्या संकलित अभ्यासात दर एक लाख ईसीटींमागे सुमारे २ मृत्यू नोंदले गेले. हा धोका साध्या शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या भुलेच्या आसपासचा आहे.

या उपचाराचा आणि दाहाच्या खुणांचा संबंध सरळ नाही, आणि मला स्वतःला तोच भाग सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. प्रत्येक ईसीटीनंतर काही तास इंटरल्यूकिन-६ वाढते, म्हणजे उपचार स्वतःच प्रतिकारशक्तीला थोडा वेळ जागे करतो. पूर्ण कोर्स संपेपर्यंत काही अभ्यासांत टीएनएफ-अल्फा या दाहाच्या आणखी एका संदेशवाहक रेणूसारख्या खुणा उतरलेल्या दिसतात, काहींत दिसत नाहीत. उपचारापूर्वी इंटरल्यूकिन-६ जास्त असलेले रुग्ण शेवटी अधिक सुधारले, असे काही संशोधकांना आढळले आहे, पण रुग्णसंख्या लहान होती आणि इतरत्र तोच निष्कर्ष ठामपणे निघालेला नाही. वृद्धांमध्ये तर रक्तदाब, मधुमेह, हृदयरोग आणि त्यांची औषधे यांचा गुंता इतका असतो की एकट्या आकड्याला अर्थ देणे फार अवघड जाते. शंभर रुग्णांच्या सरासरीत दिसणारा कल समोरच्या एका माणसाचे भविष्य सांगायला पुरेसा नसतो, आणि नातेवाइकांना हवे असते ते त्या एकाचेच.

मग आम्ही कशावरून ठरवतो? रुग्णाकडे पाहून, त्याचे ऐकून. वय जास्त असणे हे ईसीटीच्या बाबतीत प्रतिकूल नव्हे तर अनुकूल लक्षण आहे, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. आपण पापी आहोत, कंगाल झालो आहोत, आतडी सडली आहेत अशा पक्क्या भ्रमांसह आलेले नैराश्य या उपचाराला विशेष दाद देते. हालचाली आणि बोलणे अतिशय मंदावणे हेही तसेच. आजार सुरू होऊन थोडाच काळ झाला असेल तर शक्यता आणखी वाढते, आणि हीच थांबून न राहण्याची एक बाजू आहे. साठीपुढच्या २४० रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, ईसीटी आणि व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्याची गोळी मिळून ६२ टक्क्यांच्या आसपास रुग्णांची लक्षणे जवळजवळ पूर्ण गेली. त्याआधीच्या, वेगवेगळ्या वयांच्या ४४४ रुग्णांच्या अभ्यासात १३१ जणांच्या मनात मरणाचा विचार तीव्र होता. पहिल्या आठवड्यात, म्हणजे तीन ईसीटींनंतर, त्यांपैकी ३८ टक्क्यांच्या मनातून तो पूर्ण गेला होता आणि कोर्सअखेर ८१ टक्क्यांच्या. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे आठवले म्हणजे त्या पहिल्या आठवड्याचे महत्त्व कळते.

वृद्धांच्या बाबतीत ते आठवडे हाताशी असतीलच असे नाही. जगाच्या बहुतेक भागांत आत्महत्येचे प्रमाण सत्तरीपुढे सर्वांत जास्त आहे. तरुणांच्या तुलनेत वृद्धांचे प्रयत्न कमी असतात, पण त्यांतून वाचणारेही कमी असतात, कारण शरीर थकलेले असते, बेत ठरलेला असतो आणि त्याची वाच्यता झालेली नसते. "माझ्यावर कशाला खर्च करता" हे वाक्य, अचानक हाती घेतलेली कागदपत्रांची आवराआवर, चालू असलेली हृदयाची किंवा मधुमेहाची औषधे घ्यायला नकार, ताटातले अन्न तसेच राहणे, पाण्याचा घोटही नको म्हणणे: ही लक्षणे मला कुठल्याही प्रयोगशाळेच्या कागदापेक्षा अधिक काही सांगतात. असे कोणी तुमच्या घरात असेल तर त्यांना एकटे ठेवू नका, घरातली औषधे कुलपात ठेवा, मरणाचा विचार मनात येतो का हे त्यांना सरळ विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. बहुतेक वेळा कोणीतरी विचारले याचाच त्यांना आधार वाटतो.

याचा अर्थ रक्त तपासूच नये असा मुळीच नाही. सीआरपी ४० आला तर मी तो नैराश्याच्या खात्यात टाकत नाही. छातीचा एक्स-रे आणि लघवीची तपासणी आधी होते, कारण म्हाताऱ्या माणसाचा गप्पपणा आणि गोंधळ कधी कधी निव्वळ न्यूमोनियाचा असतो. थायरॉइड, सोडियम, बी-१२ हेही पाहिलेच पाहिजे. आणि एक कळकळीची विनंती: आकडा वाढलेला दिसला म्हणून घरच्या घरी सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या सुरू करू नका. या वयात त्या मूत्रपिंडांना इजा करतात आणि जठरातून रक्तस्राव घडवू शकतात, आणि नैराश्याच्या अनेक प्रचलित गोळ्यांबरोबर घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो.

स्मरणशक्तीबद्दल थोडेच लिहिते, कारण तो स्वतंत्र विषय आहे. उपचाराच्या काळात गोंधळ आणि विसर पडतो. नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता बहुतेकांत काही आठवड्यांत परत येते, पण त्या आधीच्या महिन्यांतल्या काही आठवणी कायमच्या पुसट राहू शकतात, आणि हे मी आधीच सांगते. कोर्स संपल्यावर उपचार संपला असे समजणे मात्र घातक आहे. २००१ मधल्या एका अभ्यासात, ईसीटीने बरे झालेल्यांना नंतर फक्त खोटे औषध दिले तेव्हा सहा महिन्यांत ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. नॉरट्रिप्टिलिन ही नैराश्याची गोळी आणि मन स्थिर ठेवणारे लिथियम एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

आकड्याविषयी विचारणाऱ्या मुलांचे मन मी समजू शकते. आईला शॉक द्यायला संमती देणे जड जाते, आणि एखाद्या यंत्राने "होय" म्हटले तर सहीचा भार थोडा हलका होईल असे वाटते. तो भार मी कागदावर ढकलू शकत नाही, पण निर्णयात बरोबरीने बसू शकते: काय दिसते आहे, काय मिळण्याची शक्यता आहे, काय गमावण्याची आहे, हे रुग्णाशी आणि त्यांच्याशी पुन्हा पुन्हा बोलू शकते. ज्यांना संशोधनाला मदत करायची इच्छा असते त्यांनी पहिल्या ईसीटीआधी आणि कोर्सनंतर रक्ताचा जास्तीचा नमुना देणे मला मोलाचे वाटते, कारण वृद्धांच्या बाबतीत अशा नमुन्यांची फार उणीव आहे. त्याची संमती वेगळी असते. नमुना दिला नाही तरी उपचार तसाच होतो, आणि दिला तरी त्याच्या अहवालासाठी ठरलेली ईसीटी पुढे ढकलायची नसते.