शिवराईचे छायाचित्र घेताना

१६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडल्या जाणाऱ्या शिवराई या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. परंतु तांब्याचा तुकडा अनेकदा नाणे पाडण्याच्या ठशापेक्षा लहान असल्याने ती अर्धवट उमटतात आणि दीर्घ वापराने इतकी झिजलेली असतात की समोरून पडलेल्या प्रकाशात वाचता येत नाहीत. म्हणून मी कॅमेरा नाण्याच्या बरोबर वर स्थिर ठेवून दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरतो आणि त्याची दिशा बदलत अनेक छायाचित्रे घेतो. (नाणे घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावाच.) संगणकावर रंग काढून कॉन्ट्रास्ट वाढवणे मला मान्य आहे, मात्र शार्पनिंग (कडा ठळक करणे) अति झाल्यास गंजाचे खड्डेही वेलांटीसारखे भासतात, आणि तुटलेले अक्षर ब्रशने जोडणे ही तर सरळ बनावट होय.