पाऊस सोडून ऑक्टोबरात बाग का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘जूनमध्ये शाळा भरते, पाणी वरून फुकट पडतं, मग भाजीची बाग ऑक्टोबरात का? आणि तीही निम्मी वर्गाच्या खिडकीत?’ पालकसभेत हाच प्रश्न, परसबाग बघायला आलेल्या पाहुण्यांचाही हाच. एकदा लिहूनच टाकते.

नाशिकची काळी माती भिजली की खुरप्याला गोळे चिकटतात, मुलांच्या बुटांना तर विचारू नका. भेंडी, गवार, दोडका पावसाळ्यात येतात, मान्य. पण मेथी-कोथिंबीर सडते, लव्हाळ्याचं तण आठवड्यात वाफा गिळतं, आणि तोवर आमचा पटही जुळलेला नसतो. परतीचा पाऊस थांबला की जमीन वापशावर, म्हणजे खणण्याजोग्या ओलीवर येते. वापसा ओळखायला मुलं पाच मिनिटांत शिकतात: चार बोटं खालची माती मुठीत दाबायची आणि गोळा छातीच्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर खणा. थापीसारखा चपटा पडला तर दोन दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर आधी पाणी द्या.

वाफा ९० सेंटीमीटरच रुंद ठेवा. चौथीतल्या मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर ते मधून चालतं. उंची १५ सेंटीमीटर, आणि चौरस मीटरला दोन-तीन किलो शेणखत, पूर्ण कुजलेलं. हाताला गरम लागतं किंवा शेणाचा वास येतो ते खत परत पाठवा, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते. मेथी फोकून नव्हे, ओळीत पेरा. ओळ असली की निंदताना मुलांना तण कोणतं ते कळतं. धणे रगडून दोन फोडी करा. मुळा आणि गाजर थेट वाफ्यात पेरा, कारण रोप उपटून लावलं की गाजराला फाटे फुटतात.

टोमॅटो आणि फ्लॉवरची रोपं मात्र खिडकीत. त्याच खिडकीबद्दल टोमणे असतात, म्हणून तिथलं सगळं सांगते.

पहिल्या वर्षी प्रो-ट्रे (रोपं वाढवायचे कप्प्यांचे ट्रे) चार, प्रत्येकी ९८ कप्पे, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेले. बी टाकून ट्रे एकावर एक रचले, प्लास्टिक गुंडाळलं. पाचव्या दिवशी कोंब दिसले, ट्रे सुटे केले, इथवर बरोबर. फळ्यावर ‘रोज पाणी’ हे माझ्याच अक्षरात, खाली हजेरीपटाप्रमाणे पाळ्या. पाळी एकाची असली तरी हात सगळ्यांनाच फिरवायचा असतो. मधल्या सुट्टीनंतर बाटल्यांतलं उरलेलं पाणीही तिथेच जायचं. शनिवारी ‘थंडी वाजेल’ म्हणून कुणीतरी ट्रेवर प्लास्टिक पुन्हा पांघरलं आणि खिडकी लावली. मी पाहिलं, काही बोलले नाही. मायेनं केलेलं दिसत होतं.

सोमवारी रोपं आडवी. पानं हिरवीगार, पण मातीलगतचं खोड पाणचट आणि सुताएवढं बारीक. ट्रेमध्ये गोल गोल टक्कल पडलेलं. मी वर्गाला सांगितलं, ‘बी खराब निघालं.’ दुकानदारालाही ऐकवून आले. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘बाई, बी खराब असतं तर उगवलं कसं?’ तिच्या घरी रोपांसाठी उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे बी टाकलेलं होतं. ‘पाणी जास्त झालं. आमच्याकडं पण असंच कोलमडतं.’

ही रोपांची मर. पिथियमसारख्या बुरशी बहुतेक मातीत असतातच; दाटी, कोंडलेली हवा आणि न सुटणारी ओल मिळाली की त्यांना रान मोकळं. पडलेलं रोप औषधानं उभं राहत नाही. पडलेले कप्पे रिकामे केले, खिडकी उघडली, दोन दिवस पाणी बंद ठेवलं. चारांतला एक ट्रे भरेल एवढी रोपं वाचली.

तेव्हापासून फळ्यावर ‘रोज पाणी’ नाही, ‘रोज उचलून बघ’ असं असतं. ट्रे हलका लागला तरच सकाळी परातीत दोन सेंटीमीटर पाणी घेऊन त्यात १५ मिनिटं ठेवायचा, मग काढायचा. वरून थेंब नाही. कप्प्यात एकच बी. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्यायचं, म्हणजे क्षार जातात. मुठीत पिळल्यावर दोन-चार थेंबच पडायला हवेत. बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), किलोला ५ ग्रॅम हे शेतीचं प्रमाण. आपल्या पुडीला चिमूटभर पुरे. ट्रे रोज फिरवायचा. रोप उंच आणि लेचंपेचं झालं तर उजेड कमी पडतोय, पण मुलं (आणि पालक) त्यावरही पाणीच घालतात. शेवटचा आठवडा रोपांना बाहेर काढायचं, आधी तासभर कोवळं ऊन, मग वाढवत न्यायचं. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन थेट दाखवलं तर पानं पांढरी पडतात.

दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, याचं उत्तर मात्र माझ्याकडे धड नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. भोगी मात्र जानेवारीच्या मध्याला ठरलेली, आणि भोगीच्या भाजीत वर्गाचं गाजर हवं हा मुलांचा हट्ट. गाजराला ८०-९० दिवस लागतात, म्हणजे पेरणी ऑक्टोबरच्या मध्यालाच, दिवाळी कुठेही येवो. वाफ्यांसाठी सात-आठ लिटरची साधी मडकी गळ्यापर्यंत पुरतो. पाणी झिरपून वीतभर घेर ओला राहतो आणि चार-पाच दिवस निघतात. तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा, नाहीतर डास. वरून इगतपुरीकडचा भाताचा पेंढा. तरी सुट्टीत दोनदा शिपाईकाकांना मडकी भरावीच लागतात, आणि हे त्यांचं काम नाही हेही खरं.

ट्रेमधल्या कप्प्यांना तर दिवसभरही दम निघत नाही. पूर्वी मी ठामपणे म्हणायचे, ट्रे मुलांच्या घरी पाठवू नका, पाण्यानं मारतील. आता वाटतं, त्या मुलीच्या घरी पाठवला असता तर जगला असता. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. १० ऑक्टोबरला टाकलेलं टोमॅटोचं बी ४ नोव्हेंबरला २५ दिवसांचं, म्हणजे ऐन सुट्टीच्या तोंडावर लावणीला. लावून निघून जायचं, की पंधरा दिवस उशिरा बी टाकून ट्रे घरोघरी वाटायचे? दोन ट्रे असे आणि दोन तसे करायचं म्हणतेय.