आमची वाटचाल: चीक, खार आणि ऊन

कुरडई कडक तेलात सोडली आणि तिच्या मधोमध न फुललेली पांढरी गाठ राहिली, तर ती आमच्या हातची नव्हे. पिशवी परत आणा, पैसे घेऊन जा. पहिल्या हंगामापासून गिऱ्हाइकांशी आमचा हाच करार आहे. सातारा-सांगलीच्या कोरड्या पट्ट्यात माघ सरला की आमचं वाळवण सुरू होतं. मृगाचा पाऊस लागला की त्याच बायका त्याच ओसरीवर गोधड्यांना बसतात, आणि तुळशीचं लग्न लागलं की रुखवताच्या ऑर्डरी येऊ लागतात. तिन्ही कामं घरातली, आणि ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली त्याच हातांवर हा उद्योग उभा आहे.

पाया घातला तो मावशींनी. त्या पहिल्या भागीदार. भांडवल म्हणून त्यांनी आणला एक पितळी सोऱ्या, एक दगडी वरवंटा आणि आडव्या रेघांचं पापडाचं लाटणं. हे तिन्ही अजून वापरात आहेत. सोऱ्या दाबाचा आहे, आट्यांचा नाही, आणि हा फरक लहान समजू नका. आट्यांचा सोऱ्या शेवेला उत्तम. कुरडईचा चीक, म्हणजे भिजवून वाटलेल्या गव्हाचं सत्त्व, मात्र शिजवल्यावर वाफाळता असतानाच झरझर खाली यावा लागतो. फिरकी फिरवत बसलं तर वरचा चीक निवतो, निवला की घट्ट होतो आणि तार तुटत पडते. तुटक्या तारेची कुरडई वाळताना सुटते आणि तळताना तिचा चुरा कढईच्या तळाशी जळतो. नवा सोऱ्या घेताना दट्ट्या आणि नळी यांत फट आहे का ते आधी बघा. फट असली की चीक वरून येतो, बोटं भाजतात आणि जाळीवर दाब पडत नाही.

चिकाची रीत आमच्याकडे बदललेली नाही. गहू नवा, भरदार, हंगामातला. तो ३ दिवस पाण्यात, पाणी रोज बदलायचं. पाणी बदलायचा कंटाळा केला की वास धरतो आणि कुरडई वाळल्यावर तांबूस दिसते. मग कितीही ऊन दिलं तरी ती पांढरी होत नाही. चौथ्या दिवशी गहू वाटून भरपूर पाण्यात कोळायचा आणि फडक्यातून गाळायचा. कोंडा आणि चिवट भाग चोथ्यात राहतो, पिठूळ चीक पाण्याबरोबर खाली उतरतो. चोथा फेकू नका, तीळ-तिखट-मीठ घालून त्याच्या भुसवड्या होतात. चीक रात्रभर न हलवता ठेवायचा. सकाळी वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकायचं, आणि ते अगदी निघेपर्यंत ओतायचं. भांड्यात हे पाणी राहिलं तर पुढचं माप फसतं.

माप सोपं आहे: १ भांडं दाट चीक, १ भांडं पाणी. पाण्याला मीठ आणि हिंग घालून खळखळून उकळी आणायची, चीक ढवळून सैल करायचा आणि एका धारेने ओतायचा. ओतणारी एक आणि घोटणारी एक, अशा दोघी लागतातच. एकटीने केलं की गाठी होतात, आणि तीच गाठ पुढे तेलात पांढरी राहते. घट्ट होऊ लागला की आच मंद करून झाकण ठेवायचं, वाफ आणायची, पुन्हा घोटायचं. चीक शिजला हे रंगावरून कळतं. पांढरटपणा जाऊन तो चकचकीत, काचेसारखा पारदर्शक दिसू लागतो आणि ओल्या हाताला चिकटत नाही. कच्चा राहिलेला चीक वाळल्यावर पिठासारखा भुरभुरतो. तोच जास्त पातळ ठेवला तर कुरडई पसरून चपटी होते, फुलते पण तोंडात विरघळत नाही.

पापडाचं सगळंच याच्या उलट. कुरडई हाडासारखी कडक वाळवावी लागते, पापड तसा वाळवला तर डब्यातच मोडतो. चांगल्या पापडात वाळल्यावरही साधारण १३ ते १५ टक्के ओलावा राहिला पाहिजे. म्हणून पापड सुती कापडावर सावलीत सुकवायचा आणि शेवटी थोडा वेळच उन्हात धरायचा. लाटल्या लाटल्या भर उन्हात टाकला की कडा वळतात, मधला भाग मागे राहतो आणि रचताना चिरा जातात. कुरडई मात्र थेट उन्हातच, प्लास्टिकच्या कागदावर, कारण कापडाला ती धरते. संध्याकाळी उलटायची, नाहीतर कागदाकडची बाजू ओली राहते आणि आतून आंबते.

१ किलो उडदाच्या पिठाला आम्ही ३५ ग्रॅम पापडखार, ५० ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम मिरी आणि चांगला हिंग घेतो. खार आणि मीठ पाण्यात उकळून, गाळून, पूर्ण निववून मगच पिठात घालायचं. गाळायचं अशासाठी की खारात कचकच असते. पाणी ४०० ते ४५० मिलिलिटर लागतं, पण ते थोडं थोडं घालायचं, कारण डाळ जुनी की नवी यावर ते कमीजास्त होतं. मग तेलाचा हात लावून पीठ कुटायचं. उडदाला स्वतःचा चिकटपणा असतो, तो कुटल्यावरच जागा होतो. गोळा ताणला की तुटण्याऐवजी लांबला पाहिजे आणि रंग उजळ झाला पाहिजे. यंत्रावर मळलेल्या पिठात हा ताण येत नाही असं मावशींचं ठाम मत होतं, आणि पापड भाजून बघितल्यावर ते मान्य करावंच लागतं. खार जास्त झाला तर पापड तळताना लाल होतो आणि घशाशी कडवट लागतो. कमी पडला तर फुलत नाही, चामट राहतो.

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडची सुरुवात केली, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पीठ एका जागी मळायचं आणि लाटायला घरोघरी न्यायचं, ही त्यांची पद्धत आम्ही डोळे मिटून स्वीकारली. शंभर हातांनी लाटलं तरी चव एक येते, कारण चव पिठात आहे, लाटण्यात फक्त जाडी.

आता आम्हाला फसवणाऱ्या एका व्यापाऱ्याविषयी. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. शहरातली मोठी पेढी, बोलणं गोड, पहिला व्यवहार रोखीचा. दुसऱ्या हंगामात त्याने चौपट माल मागितला, थोडी आगाऊ रक्कम दिली आणि उरलेली विक्रीनंतर देतो म्हणाला. त्याच्या भरवशावर डाळ उधारीवर उचलली गेली, बायका वाढवल्या गेल्या. माल पोचला आणि पाठोपाठ तक्रार आली की पापड एका मापाचे नाहीत, कडा सारख्या नाहीत. हाताने लाटलेल्या पापडाच्या कडा सारख्या असतातच कशा? तरी माल त्याने ठेवून घेतला, पैसे थांबवले.

आणि मग गिऱ्हाइकं आमच्या दारात त्याच्याकडच्या आमच्या छापील पिशव्या घेऊन येऊ लागली. पिशवीवर छाप आमचा, अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक आमचा, आत पापड यंत्राचे. बघताक्षणी कळत होतं. यंत्राचा पापड पिठाच्या लांब पट्टीतून साच्याने कापलेला असतो, म्हणून त्याची कड सरळ आणि टोकदार असते. हातच्या पापडाची कड मध्यापेक्षा पातळ आणि किंचित लहरी. उजेडासमोर धरला की हातच्या पापडात लाटण्याच्या रेघा आणि जाडीचे ढग दिसतात, यंत्राच्या पापडात सगळीकडे एकच छटा. त्या पापडांना खार सढळ हाताने घातलेला होता, कारण न कुटलेलं पीठ फुलवायला दुसरा उपाय नसतो. कुरडयांचंही तेच. हातच्या कुरडईच्या तारा एकमेकींवरून वेड्यावाकड्या जातात, त्यांच्यामधून तेल आत शिरतं आणि ती एका झटक्यात फुलते. पिशवीत निघाल्या त्या एकसारख्या दाट चकत्या, आणि त्यातल्या निम्म्या मधोमध पांढऱ्या. करारावर बोट ठेवून लोक पैसे मागत होते. प्रत्येकाला पैसे दिले गेले, माल आपला नसतानाही. छाप आपला होता ना!

ऐन पावसाळ्यात त्याने आमचा खरा माल परत पाठवला, गोणपाटात, उघड्या टेम्पोतून. वाळवणाचं याहून वाईट काही करता येत नाही. पापडातलं मीठ आणि खार हवेतला ओलावा ओढून घेतात. पापड मऊ पडून एकमेकांना चिकटले, आतल्या थरांना बुरशी धरली, कडेच्या थरांना भुंगा लागला. मऊ पडलेला पापड पुन्हा उन्हात घालून सावरता येतो, बुरशी आलेला येत नाही. वरून पुसून विकणारे आहेत, पण बुरशी आतवर गेलेली असते आणि वास तळल्यावरही जात नाही. तो सगळा माल खड्ड्यात पुरून टाकला. डाळीचे घेणेकरी दारात, बायकांची मजुरी थकलेली, गोदामात रिकाम्या गोण्या. उद्योग बंद करा, असं घरचे आणि बाहेरचे सगळेच म्हणत होते. त्या पेढीकडून उरलेली रक्कम आजपर्यंत आलेली नाही.

तेव्हा पाठीशी उभे राहिले ते एक आचारी. लग्नाच्या पंगती करणारे, बोलायला कडक. दर लगीनसराईआधी ते नमुना मागवत, स्वतःच्या कढईत एक कुरडई तळत, दोन बोटांनी चुरडत आणि मगच ऑर्डर देत. गोंधळाची बातमी त्यांच्याकडेही पोचली होती. त्यांनी नमुना मागवला, तळला, चुरडला, आणि पुढच्या पूर्ण हंगामाच्या मालाची आगाऊ रक्कम पाठवून दिली. डाळीचं देणं त्यातून फिटलं. बायकांनी मजुरीचा काही भाग मालाच्या रूपात घेतला. आचाऱ्यांच्या मालाचं वजन आजही वेगळ्या तराजूवर, त्यांच्याच पद्धतीने होतं: गिनतीने नव्हे, किलोने, आणि चुरा वेगळा बांधून.

नव्या उद्योजकांनो, उधारीवर माल देऊ नका, आणि छापील पिशव्या तर कुणाच्याही हाती मोकळ्या देऊ नका. पिशवी भरून, शिवून, तारीख टाकूनच बाहेर जाऊ द्या. पातळ पिशव्या मुळातच वाळवणाला घातक, ओलावा आरपार जातो. २०१८ मध्ये राज्यात पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा अनेकांनी कुरकुर केली. आम्ही त्याआधीच जाड पिशवीवर गेलो होतो. घरी साठवताना पापड डब्यात उभे न ठेवता आडवे रचा, मध्ये कागद घाला आणि डबा चुलीपासून लांब ठेवा, कारण चुलीजवळ वाफ असते.

पुढची वर्षं सरळ गेली. २०२० ची टाळेबंदी ऐन वाळवणात लागली, तेव्हा पीठ घरोघरी पोचवण्याची पद्धत कामी आली आणि लाटणं थांबलं नाही.

गोधड्यांविषयी चार शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण त्यांच्यावरच पावसाळ्यातली मजुरी निघते. आमची गोधडी ४ ते ६ थरांची, सगळे थर सुती. मध्ये एक जरी सिंथेटिक साडी गेली तरी थर सरकतात आणि पहिल्या धुण्यात गोधडी गोळा होते. लोक जुन्या साड्या आणून देतात, आजीचं लुगडं वरच्या बाजूला हवं असतं. विरलेलं लुगडं वर घेऊ नये, ते मधल्या थरात जावं आणि फक्त पदर किंवा काठ वर जोडावा, म्हणजे आठवणही राहते आणि गोधडीही. नवं कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच वापरायचं, नाहीतर ते नंतर आटतं आणि जुने थर सुरकुततात. लाल, तपकिरी कापडावर ओलं पांढरं फडकं घासून रंग जातो का बघायचा. आधी वीतभर अंतराने कच्चे टाके घालायचे, मग कडेपासून आत धावदोरा, दोन ओळींत एका बोटाचं अंतर. कच्चे टाके न घालता कडेपासून सुरुवात केली की सगळा झोळ मधोमध जमतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की गुंता होतो आणि कापडातून ओढून ओढून तो विरतो.

रुखवतात हे सगळं एकत्र येतं: बेबीगोधडी, लोकरीचं तोरण, रंगीत कुरडया. रंगीत कुरडईसाठी खाण्याचा रंग चमचाभर गरम पाण्यात विरघळवून शिजलेल्या चिकात शेवटी घालायचा. कच्च्या चिकात घातला तर शिजताना तो किती गडद होईल याचा अंदाज येत नाही. गुलाबी आणि हिरवा उन्हात फिके पडतात, म्हणून त्या कुरडया पहिलं ऊन झाल्यावर पातळ फडक्याखाली वाळवतो. ऑर्डर फाल्गुनाच्या आत द्यावी आणि गोधडीसाठीचं कापड धुऊन, इस्त्री न करता आणावं.