पोलिसांनी घालून दिलेली फेरी

अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्स शहरात, राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या प्लाझा दे मायो या चौकात, दर गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता काही वृद्ध स्त्रिया डोक्याला पांढरा रुमाल बांधून मधल्या स्तंभाभोवती फेऱ्या घालतात. ही रीत त्यांना पोलिसांनीच घालून दिली, हे वाचल्यापासून तो चौक माझ्या मनातून जात नाही.

24 मार्च 1976 रोजी तेथे लष्कराने सत्ता बळकावली आणि माणसे घरातून, कारखान्यातून, भर रस्त्यातून उचलली जाऊ लागली. अटकेची नोंद कोठेच नसे; पोलीस ठाण्यात कानांवर हात ठेवले जात आणि न्यायालयात केलेले हेबियस कॉर्पसचे, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा असे, अर्ज फेटाळले जात. मुलगा गेला म्हणून रडावे तर देह नाही, तुरुंगात आहे म्हणून डबा न्यावा तर कोणता तुरुंग ते ठाऊक नाही. असे खेटे घालतानाच या आयांची एकमेकींशी ओळख झाली. त्यांतल्या असुसेना विल्याफ्लोर यांचा मुलगा आणि होणारी सून, दोघेही बेपत्ता होते. एकेकटीने दारोदार फिरण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून चौकात जाऊ, असे त्यांनी सुचवले. 30 एप्रिल 1977 रोजी 14 जणी तेथे जमल्या. जमावबंदी असल्यामुळे पोलिसांनी दरडावले, ‘येथे थांबू नका, चालत राहा.’ तेव्हा त्या दोघी-दोघी हातात हात घालून चालू लागल्या. हुकूम पाळला, पण चौक सोडला नाही.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लुहानच्या देवळाकडे जाणाऱ्या पदयात्रेत, आपल्या वारीसारख्याच अफाट गर्दीत, एकमेकींना ओळखता यावे म्हणून त्यांनी डोक्याला मुलांचे कापडी लंगोट बांधले. पांढरा रुमाल आला तो त्यातूनच. माझ्या मुलीचे एक लंगोट अजून ट्रंकेत आहे. धुऊन धुऊन मऊ झालेले ते सुती कापड हातात घेतले, की राज्यकर्त्यांनी ज्यांना ‘वेड्या बाया’ म्हणून हिणवले त्यांनी हीच खूण का निवडली असेल, ते मला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सरकारला मात्र त्यांची धास्ती होती. आस्तिस नावाचा नौदल अधिकारी बेपत्ता तरुणाचा भाऊ असल्याचे सोंग घेऊन त्यांच्यात मिसळला. 8 डिसेंबर 1977 रोजी, बेपत्तांची नावे छापणाऱ्या वर्तमानपत्रातील जाहिरातीसाठी वर्गणी गोळा होत असताना, सांताक्रूझ चर्चमधून काही जणांना पळवण्यात आले. उरलेल्यांनी तरीही जाहिरात पूर्ण केली. ती 10 तारखेला छापून आली आणि त्याच सकाळी असुसेनांना घराजवळून उचलले गेले. त्यांना विमानातून समुद्रात फेकले होते, हे 2005 साली, बेवारस म्हणून पुरलेल्या अस्थींची ओळख पटली तेव्हा सिद्ध झाले.

इतके झाल्यावर बाकीच्या घरी बसल्या असत्या तर त्यांना दोष देण्याचा अधिकार मला तरी नव्हता. त्या चौकात परतल्या, आणि 1983 मध्ये लष्करशाही गेल्यावरही येत राहिल्या. असुसेनांच्या अस्थी आता त्याच स्तंभाच्या पायथ्याशी पुरलेल्या आहेत. गुरुवारच्या फेऱ्या त्यांच्याही भोवती होतात.